मलिक अंबर: तख्ताशेजारी उभा राहिलेला माणूस

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मुस्लिम घरांमध्ये जकातीचा हिशेब सुरू होतो. घरातले सोने-चांदी, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल यातून देणी वजा करायची आणि जे उरते त्यातले शेकडा अडीच हक्कदारांना द्यायचे. हे हक्कदार कोण, याचे आठ खाने कुरआनच्या सूरह तौबामध्ये दिले आहेत. गरीब, अगदी निराधार, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी अशी ती यादी आहे. त्यात एक खाना गुलामांची मान सोडवण्याचा आहे. आज हा खाना रिकामा राहतो. लहानपणी वडील हिशेबाची वही घेऊन बसले की मला एकच प्रश्न पडायचा. पैसे भरून गुलाम सोडवला, पण पुढे त्याचे काय व्हायचे? तो कुठे जायचा, काय खायचा, त्याला मुलगी कोण द्यायचे?

रमजानच्या पानावर गुलामगिरीचा विषय निघाला की हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव येतेच आणि यायलाच हवे. हजरत अबू बकर (रजि.) यांनी त्यांना सोडवले आणि पुढे काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. आज मात्र आपल्या मातीतल्या माणसाबद्दल लिहितो. माझ्या लहानपणीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या आयुष्यात सापडले आणि ते तितकेसे सुखाचे नाही.

त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव चापू. १५४८ च्या सुमारास इथिओपियात, म्हणजे अरबांच्या भाषेत हबश देशात, त्याचा जन्म झाला. पोरवयातच तो गुलामांच्या बाजारात आला. त्या काळी या व्यापारात सगळ्यांचेच हात होते. माणसे पकडणारे आफ्रिकेतलेच, समुद्र ओलांडून नेणारे अरब, विकत घेणारे इराकपासून दख्खनपर्यंतचे मुसलमान सरदार आणि गोव्याचे पोर्तुगीजही. हिंदुस्थानातले सुती कापड तिकडे जायचे आणि त्याच्या बदल्यात माणसे इकडे यायची. ज्या धर्माने गुलाम सोडवणे हे पुण्याचे काम ठरवले, त्याच धर्माच्या बंदरांत हा बाजार शतकानुशतके बिनदिक्कत चालला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

चापू येमेनमधल्या मोखा बंदरात विकला गेला. तिथून बगदाद. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाच्या घरी तो राहिला आणि इथे त्याच्या नशिबाने पहिले वळण घेतले. मुलगा हुशार आहे हे मालकाने ओळखले. त्याला लिहाय-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभाराची ओळख करून दिली, मुसलमान केले आणि अंबर हे नाव ठेवले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे एक महागडे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशीच नावे देण्याची रीत होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, मरजान म्हणजे पोवळे. पेटीत जपून ठेवायच्या, भारी किमतीच्या वस्तूंची ही नावे आहेत. नाव ऐकले की समोरचा माणूस कधीतरी विकला गेला होता, हे दरबारातल्या कोणालाही कळे. कुळाचे, गावाचे, बापाचे नाव मागे लागायचा प्रश्नच नव्हता. ते सगळे मोखाच्या पलीकडे राहिलेले.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेझखान स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम. त्याच्या पदरी विकत घेतलेले सुमारे एक हजार हबशी होते आणि अंबर त्यातला एक. हजार हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

हे हबशी शेतात राबायला किंवा घरात पाणी भरायला आणलेले नव्हते. त्यांच्या हातात तलवार दिली जायची. कारण साधे आहे. इथल्या सरदाराला भाऊबंद असतात, वतन असते, सोयरीक असते आणि उद्या तो उलटू शकतो. समुद्रापलीकडून आणलेल्या पोराला इथे कोणीच नसते. मालक हाच त्याचा बाप, मालकाचा वाडा हेच त्याचे गाव. त्याच्या एकटेपणालाच बाजारात किंमत मिळत होती. वाचकांना हे वाचताना चमत्कारिक वाटेल, पण सुलतानांच्या राज्यात गुलामी ही दरबारात शिरायची एक वाट होती. गरीब कुणब्याच्या पोराला जिथे उभे राहता येत नसे, तिथे विकत घेतलेला हबशी शस्त्र लावून उभा असे. मात्र ही वाट मालकाच्या मर्जीच्या दोरीने बांधलेली होती.

त्याच वेळी चौल आणि दाभोळच्या बंदरांत दुसऱ्या प्रकारची माणसेही उतरत होती. इराण, इराककडून आलेले हे लोक आफाकी किंवा गरीब म्हटले जात. इथे गरीब या अरबी शब्दाचा अर्थ परका, पैशाने गरीब नव्हे. त्यांच्याकडे उत्तम फारसी होती, वंशावळी होत्या, कोणी सय्यद, कोणी मोठ्या विद्वानाचा शागीर्द. दरबारात त्यांना मुजऱ्यानंतर सरळ मानाची जागा मिळे. समुद्र तोच, बंदरेही तीच. एक जण जहाजातून पाहुणा म्हणून उतरे आणि दुसरा माल म्हणून. पुढची शंभर वर्षे दख्खनच्या दरबारांत या दोन गटांची झुंज चालू होती. त्यात हबशी बहुधा स्थानिक दख्खनी सरदारांच्या बाजूने असत. धर्म दोघांचा एकच होता, तरी पंगत वेगळी होती. मुसलमानांत जातपात नाही असे आम्ही मोठ्या तोंडाने सांगतो. कुरआनात ती नाहीच. आमच्या लग्नाच्या बैठकीत मात्र खानदान कोणते, हा प्रश्न मुलीच्या शिक्षणाआधी विचारला जातो, हे मी किती तरी वेळा पाहिले आहे.

चंगेझखान फार जगला नाही. वऱ्हाड जिंकण्याच्या मोहिमेत त्याने मोठी कामगिरी केली. पण हा हबशी स्वतःच राजा व्हायला बघतो आहे, असे कोणीतरी मूर्तझा निजामशहाच्या कानावर घातले. सुलतानाने त्याला विष देवविले. गुलामीतून वर आलेल्या माणसावरचा संशय किती लवकर खरा मानला जातो, हे अंबरने ऐन तारुण्यात अगदी जवळून पाहिले.

मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. झाली मान मोकळी. मग काय? मग वीस वर्षे काहीच नाही. अंबरने लग्न केले. बायको बीबी करीमा. पोटासाठी तो विजापूरकडे गेला, लहान-सहान तुकड्या सांभाळल्या, भाडोत्री शिपाईगिरी केली. मलिक ही पदवी त्याला विजापूरच्या चाकरीत मिळाली. मलिक म्हणजे धनी. धनी आणि अंबर, मालकाचे बिरुद आणि गुलामाचे नाव, दोन्ही जोडूनच तो पुढे आयुष्यभर ओळखला गेला. नाव बदलणे त्याला पुढे सहज शक्य होते. त्याने ते बदलले नाही.

सुटलेल्या गुलामाचे काय होते, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या वीस वर्षांत आहे. त्याच्याजवळ हुन्नर होता, शिक्षण होते, पण पाठीशी घराणे नव्हते. सरदाराच्या पोराला जी जहागीर सोळाव्या वर्षी आपोआप मिळे, तिच्या जवळ पोहोचायला अंबरचे केस पिकायची वेळ आली.

१५९५ मध्ये मोगल फौजा अहमदनगरवर आल्या आणि निजामशाहीचा डोलारा हलू लागला. चांदबिबीने किल्ला लढवला, ती कथा सर्वांना माहीत आहे. १६०० मध्ये तिला तिच्याच माणसांनी मारले, किल्ला पडला आणि बाल सुलतान बहादूर मोगलांच्या कैदेत ग्वाल्हेरला गेला. या पडझडीत अंबर परत आला होता. अभंगखान हबशीच्या हाताखाली त्याच्याजवळ आधी जेमतेम दीडशे स्वार होते. मोगल मुलूख घेत होते तसतसे बेकार झालेले शिपाई, हबशी, दख्खनी, मराठे त्याच्याकडे जमू लागले आणि हा आकडा हजारांत गेला. मानाची रचना मोडकळीला आली तेव्हाच त्याला वर यायची फट मिळाली. शांततेच्या दिवसांत त्याला कोणी विचारले नव्हते.

आता त्याच्याजवळ फौज होती, मुलूख होता, लढाईची अक्कल होती. तख्त रिकामे होते. तरी तो तख्तावर बसला नाही. विजापूरच्या आश्रयाला राहणारा राजघराण्यातला एक वीस वर्षांचा तरुण त्याने शोधून काढला, त्याला आपली मुलगी दिली आणि परांडा किल्ल्यावर मूर्तझा निजामशहा म्हणून त्याला तख्तावर बसवले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातला हा किल्ला ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पन्नाशी ओलांडलेला, हजारोंचा सेनापती असलेला अंबर एका कोवळ्या पोरापुढे मुजरा करून उभा आहे. रक्त त्या पोराकडे होते आणि बाकी सगळे अंबरकडे.

या कथेतली मोठी गंमत पुढे आहे. हे निजामशाही रक्त तरी कुठून आले? फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी ब्राह्मण घराण्यातला. लहानपणी बहामनी फौजेच्या हाती कैदी म्हणून सापडला आणि शाही गुलामांत वाढला. त्याचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापले. म्हणजे ज्या घराण्याच्या रक्ताची शपथ अंबरला घ्यावी लागत होती, ते घराणेही एका गुलामाचेच. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. चार-पाच पिढ्या गादीवर गेल्या की गुलामाच्या वंशाचा राजवंश होतो. अंबर पहिल्या पिढीचा होता आणि त्याचा रंग ते विसरू देत नव्हता.

हे किती खरे आहे याचा अनुभव त्याच्या मुलीला वाड्यात आला. पीटर फान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी पुढे १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. दख्खनमध्ये ऐकलेली एक हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. मूर्तझा निजामशहाची थोरली बेगम इराणी, गोऱ्या वर्णाची होती. तिने एकदा भांडणात अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि तिच्या बापाला बंडखोर म्हटले. मुलीने ते बापाला सांगितले. थोड्याच दिवसांत, १६१० मध्ये, सुलतान आणि ती बेगम दोघेही विषाने मेले. मूर्तझाचा पाच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण तख्तावर आला.

या कृत्याचे समर्थन मी करणार नाही. सुलतान तसाही अंबरच्या मुठीतून निसटू पाहत होता, तेव्हा राजकारणही त्यामागे असणार. पण एक गोष्ट मनातून जात नाही. राज्याचा सगळा कारभार ज्याच्या हातात, ज्याच्या जिवावर ती बेगम वाड्यात सुखाने राहत होती, त्याच्या मुलीला जनानखान्यात तोच एक शब्द ऐकावा लागला. वजिराची मुलगी असूनही ती गुलामाचीच पोर राहिली. विषाने बेगम मेली. तो शब्द राहिलाच.

दिल्लीकडेही वेगळे काही नव्हते. अकबराच्या मागून आलेल्या जहांगीरने वीस वर्षे दख्खनवर फौजा पाठवल्या आणि अंबरने वीस वर्षे त्या परतवल्या. सरळ मैदानात मोगलांशी टक्कर न घेता रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात ओढून न्यायचे आणि दमवायचे, ही त्याची रीत होती. तिला बर्गीगिरी म्हणत. चपळ घोड्यांवरचे मराठा स्वार तिचा कणा होते. शहाजीराजे याच तालमीत वाढले. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचे नाव शिवीशिवाय क्वचितच घेतो आणि ती शिवी बहुतेक वेळा त्याच्या काळ्या रंगावरून असते. त्याने आपला चित्रकार अबुल हसनकडून १६१६ च्या सुमारास एक चित्र काढून घेतले. भाल्यावर अंबरचे कापलेले डोके आहे आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबरचे डोके जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही.

पराभव त्यालाही झाले. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला मोगलांनी त्याला हरवले आणि त्याची खडकी जाळली. त्यानंतर शहाजादा खुर्रमशी, म्हणजे पुढच्या शाहजहानशी, त्याला दोनदा नमते घेऊन तह करावा लागला. पण १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला चिखलात गाठले. तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी बेजार केली आणि मग तिचा पुरता मोड केला. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी त्याच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले. त्या वेळी अंबरचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते. शिवाजी महाराजांच्या दरबारातल्या परमानंद कवीने शिवभारतात भातवडीचे वर्णन करताना या वृद्ध हबशाचा गौरवाने उल्लेख केला आहे.

लढाईपेक्षाही त्याची ओळख टिकली ती दोन कामांत. पहिले जमिनीचे. सारा वसूल करायचे मक्ते त्याने बंद केले. जमीन पाहणी करून, तिचा कस बघून, पिकाचा वाटा ठरवला आणि तो रोखीत भरायचा तर सुमारे एक तृतीयांशाच्या आत बसवला. गावचा पाटील-कुलकर्णी वतनावर कायम राहिला. मक्तेदार मधून गेल्याने रयतेला श्वास घेता आला. मलिकंबरी हा शब्द पुढे मराठी कागदपत्रांत कितीतरी वर्षे चालत राहिला. पुस्तकांतून मलिक अंबर ज्यांनी कधी वाचला नाही, त्यांच्या शेताच्या कागदांवर तो होता.

दुसरे काम पाण्याचे. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. रोशनगावनंतर जळाली तरी ती पुन्हा उभी केली. कोरड्या माळावरच्या या शहरासाठी त्याने उत्तरेच्या डोंगरातले झरे जमिनीखालच्या नहरीत घेतले आणि नुसत्या उतारावर शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. जागोजाग हवा आणि सफाईसाठी उभी भोके ठेवली, हौदांमधून मोहल्ल्यांत पाणी सोडले. शहराला नुसते वाडे बांधून भागत नाही, भिस्तीच्या मशकीवर शहर जगत नाही, हे त्याला उमगले होते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही तिथल्या वस्त्यांची नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडलेली आहेत. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. शहराचे नाव मात्र दर राजवटीत बदलले. खडकीचे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. अंबरने शहराला स्वतःचे नाव दिले नव्हते.

मे १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याने हयातीतच बांधून ठेवलेल्या घुमटाखाली त्याला दफन केले. जवळच बीबी करीमा यांचा मकबरा आहे. त्याच्या मृत्यूची बातमी आल्यावर मोगल दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने शत्रू असूनही त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनापासून तारीफ लिहिली. या योग्यतेला पोहोचलेला दुसरा हबशी गुलाम इतिहासात नाही, असा तिचा आशय आहे. ऐंशीच्या घरात गेलेला, जवळजवळ पन्नास वर्षे मुक्त असलेला, पंचवीस वर्षे राज्य चालवलेला माणूस स्तुतीतही गुलामच राहिला.

त्याला दोन मुलगे. थोरला फतेहखान आणि धाकट्याचे नाव चंगेझखान. एकाचेही नाव गुलामाला ठेवतात तसे सुगंधाचे किंवा रत्नाचे नाही. फतेहखान वजीर झाला पण बापाची अक्कल त्याच्याकडे आली नाही. त्याने बुऱ्हाण निजामशहाला मारवले, आणखी एक पोर तख्तावर बसवले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केला. मोगलांनी त्याला तनखा लावून दिला आणि बाकीचे आयुष्य त्याने लाहोरला काढले. वजिराचा मुलगा म्हणून जन्माला आलेल्याला हरल्यावरही तनखा मिळाला. त्याचा बाप हरला असता तर त्याला काय मिळाले असते, हे जहांगीरच्या चित्रात दिसतेच.

दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी संगमनेरजवळ पेमगिरीला निजामशाही वंशातले एक मूल तख्तावर बसवून राज्य तीन वर्षे चालवले. अंबरचीच रीत. शौर्य आणि अक्कल आपली, रक्त मात्र दुसऱ्याचे उसने. शिवाजी महाराजांनी ती रीत मोडली आणि १६७४ मध्ये रायगडावर स्वतः सिंहासनावर बसले. पण तेव्हाही कुळाचा प्रश्न उभा केला गेलाच आणि काशीच्या विद्वान घराण्यातल्या गागाभट्टांना बोलावून त्याचा निकाल लावावा लागला. तलवारीने जिंकलेल्या राज्यालाही वंशावळीची मोहर लागत होती. इस्लामी दरबार असो की हिंदू सिंहासन, त्या काळचा दारावरचा पहारेकरी एकच प्रश्न विचारत होता.

आता त्या हजारांकडे येतो. चंगेझखानाने विकत घेतलेल्या हजार हबश्यांपैकी आपल्याला माहीत आहे तो एक. बाकीचे कुठल्या तरी खिंडीत, कुठल्या तरी तटाखाली संपले. ज्या एकाला शिकवणारा मालक, मुक्त करणारी मालकीण आणि मोडकळीला आलेले राज्य या तिन्ही गोष्टी एकाच जन्मात मिळाल्या, तो मलिक झाला. बुद्धी त्याच्याजवळ होतीच, यात शंका नाही. नऊशे नव्व्याण्णवांत ती कोणाजवळच नव्हती, हे मात्र मला पटत नाही.

आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आलेल्यांचे वंशज आज सिद्दी म्हणून ओळखले जातात. त्यांच्यातल्या एका घराण्याने जंजिऱ्यावर राज्य केले, नवाब म्हणवून घेतले आणि १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन झाले. दुसरे सिद्दी गोव्यातल्या पोर्तुगीज मालकांच्या घरांतून पळाले आणि घाट चढून आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलात शिरले. यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या आसपास त्यांच्या वाड्या आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. शेतमजुरी आणि जंगलातला मध हा अनेकांचा आधार. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठी इतकी मिसळली आहे की कोल्हापूर-बेळगावकडच्या माणसाला ती बरीचशी कळावी. २००३ मध्ये या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली.